सात महिन्यांचा कामगार

चाकणच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं लाइनवर होतो. आधी ऑपरेटर, नंतर सुपरवायझर. सुपरवायझर झाल्यापासून एक काम जवळजवळ दर महिन्याला करावं लागायचं, आणि ते मला एकदाही सहज जमलं नाही. एचआरकडून यादी यायची. ज्या तात्पुरत्या कामगारांचे सात महिने भरत आले, त्यांची नावं त्यात असायची. शिफ्ट सुटताना एकेकाला बाजूला घेऊन सांगायचं, "उद्यापासून तुझा ब्रेक." पोरगा मान हलवायचा. भांडायचा नाही, कारण हे आपल्याला कधीतरी ऐकायचं आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असायचं. सेफ्टी शूज, ओळखपत्र, लॉकरची किल्ली स्टोअरला जमा. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्याच मशीनसमोर दुसरा पोरगा उभा असायचा, आणि मी त्याला पहिल्यापासून शिकवायला लागलेलो असायचो. जॉब कसा बसवायचा, क्लॅम्प किती आवळायचा, गेज कसा धरायचा.

याच कारखान्यात वर्षातून एक-दोनदा आम्हा सुपरवायझरांना प्रशिक्षणाला बसवत. नेतृत्व, संघभावना, ओनरशिप असे विषय असत. शिकवणारी माणसं मनापासून शिकवायची, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण प्रत्येक वेळी प्रश्न एकच असायचा: तुमच्या माणसांना कामाबद्दल आपलेपणा का वाटत नाही, आणि तो वाटावा म्हणून तुम्ही काय कराल? मी वहीत उत्तरं लिहायचो. ब्रेकच्या यादीबद्दल मात्र तिथं कुणी कधी विचारलं नाही, आणि मीही कधी बोललो नाही. ते आता बोलतो आहे.

माणूस कामाच्या जागी रुळतो की नाही, पुढाकार घेतो की नाही, काम चोख करतो की नाही, याची कारणं आपण त्याच्या स्वभावात शोधतो. चिकाटी नाही, अ‍ॅटिट्यूड नाही, हल्लीची पिढीच अशी. मला वाटतं ती आधी कामाच्या मांडणीत शोधायला हवीत, आणि त्या मांडणीतही सगळ्यात आधी एका गोष्टीत: हा माणूस इथं राहणार आहे, असं आपण धरलं आहे का? तसं धरलेलं नसेल, तर बाकीची सगळी मेहनत वाळूवर पाणी ओतण्यासारखी आहे.

रुळणं म्हणजे काय, हे लाइनवर महिन्यामहिन्यानं दिसतं. परभणी, नांदेड, बीडकडून आलेला मुलगा पहिल्या महिन्यात मशीनशी झगडत नसतोच. तो झोपेशी झगडत असतो. कॉट बेसिसच्या खोलीत आठ जण, तिघं तीन वेगवेगळ्या शिफ्टचे. एक झोपतो तेव्हा दुसरा डबा भरत असतो. नाइट शिफ्ट अंगवळणी पडायलाच तीन-चार आठवडे जातात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हात बसतो, दिवसाचा आकडा गाठला जातो, आणि व्यवस्थापनाच्या दृष्टीनं तो "तयार" होतो. खरी गोष्ट तिथून पुढं सुरू होते. चौथ्या-पाचव्या महिन्यात त्याला आवाज कळू लागतो. ड्रिल बोथट व्हायला लागलं की तुकडा रिजेक्ट होण्याच्या बराच आधी आवाज बदलतो, चिप्सचा रंग बदलतो. हे कुठल्याच वर्क इन्स्ट्रक्शनच्या कागदावर नीट लिहिता येत नाही. सहाव्या महिन्यात तो एखाद्या दिवशी स्वतःहून येऊन म्हणतो, "साहेब, फिक्श्चरची ही पिन घासली आहे, थोड्या दिवसांनी होल सरकणार." ज्याला आपण प्रशिक्षणाच्या खोलीत ओनरशिप म्हणत होतो, ती हीच.

आणि सातव्या महिन्यात त्याचं नाव यादीत येतं.

दोन-तीन ब्रेक घेतलेली मुलं पुढच्या कारखान्यात ही पिन दाखवत नाहीत. त्यांना ती दिसत नाही असं नव्हे. दाखवून आपल्याला काही मिळत नाही, उलट "मशीन तू बिघडवलीस का?" असा प्रश्न अंगावर येऊ शकतो, हे ती शिकलेली असतात. हा आळस नाही. आपल्याच व्यवस्थेनं सहा-सात महिन्यांच्या हप्त्यांत नीट शिकवलेला धडा आहे.

सातच महिने का, हे कारखान्याबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. महाराष्ट्रात लागू असलेल्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटी ठरवणाऱ्या नियमांत, ४-सी हे कलम होतं. आधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस अखंड सेवा झालेल्या बदली किंवा तात्पुरत्या कामगाराला कायम करावं, असं ते सांगे. हंगामी उद्योगांसाठी हा आकडा १९० दिवसांचा. २४० चा आकडा गाठू द्यायचा नाही, म्हणून सात महिने. मंदी आली, ऑर्डर कमी झाली, मुलगा कामात कच्चा निघाला, यातलं काहीही कारण लागत नाही. कॅलेंडर पुरतं. आणि हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असंही नाही. महाराष्ट्रानं १९७१ साली कामगार संघटनांना मान्यता देण्याचा आणि अनुचित प्रथांना आळा घालण्याचा कायदा केला, त्याच्या चौथ्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलं आहे की, कायमपणाचे हक्क मिळू नयेत या हेतूनं माणसांना वर्षानुवर्षं बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरतं ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. अडचण "वर्षानुवर्षं" या शब्दात आहे. तोच माणूस वर्षानुवर्षं ठेवला तर गुन्हा. जागा तीच आणि माणसं बदलत राहिली, तर पकडणं फार कठीण.

"बदली" हा शब्द कायद्यात मुंबईच्या गिरण्यांतून आला. गिरणगावात ज्यांच्या घरी कुणी बदली म्हणून दिवस काढले आहेत, त्यांना त्याची चव माहीत आहे. पहाटे गेटवर उभं राहायचं, आत कुणी खाडा केला असेल तर काम, नाहीतर परत घरी. माणसं भरण्याचं काम जॉबरच्या हाती असे. तो गावाकडची, ओळखीची माणसं आणायचा, कुणाला साचा, म्हणजे माग, मिळेल ते ठरवायचा आणि त्याबद्दल दस्तुरी घ्यायचा. १९३५ च्या सुमारास गिरणीमालकांनी बदली कामगारांना कार्डं देऊन ही भरती जॉबरच्या हातून काढण्याचा प्रयत्न केला. त्याच्या जुलमाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते खरंच आहे. पण एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. जॉबर खात्यात उभा असायचा. साचा अडला तर त्याला तो दुरुस्त करता यायचा. त्याची सत्ता वाईट होती, पण तिला कामाचा आधार होता. आजचा मनुष्यबळ पुरवणारा ठेकेदार लाइनवर कधी पाऊलही ठेवत नाही. माणूस कुणाच्या हुकमाखाली आहे हे त्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर एक लिहिलेलं असतं आणि शॉपवर, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी, दुसरंच असतं. अशा ठिकाणी नेतृत्व करायचं तर कुणाचं आणि कशाच्या बळावर? रजा मी देऊ शकत नाही, पगारवाढ मी देऊ शकत नाही, "पुढच्या वर्षी तुला सेटर करतो", म्हणजे मशीन लावून देणारा कारागीर करतो, असं वचनही देऊ शकत नाही. उरतं ते फक्त आवाज चढवणं. सुपरवायझर ओरडतात, कारण त्यांच्या हाती दुसरं काही ठेवलेलंच नाही. मीही ओरडलो आहे, आणि त्याची मला लाज वाटते.

कामाची मांडणी बदलली की माणसं बदलतात, याचा एक फार चांगला पुरावा आपल्या अगदी शेजारी आहे आणि तो आपण विसरलो आहोत. अहमदाबाद तेव्हा मुंबई राज्यातच होतं. तिथल्या कॅलिको मिलमध्ये १९५२ च्या सुमारास एका खात्यात स्वयंचलित साचे बसवले गेले. नवी यंत्रं, चांगली यंत्रं. तरी उत्पादन वाढेना आणि कापडातले दोष कमी होईनात. गिरणीची धुरा तेव्हा गौतम साराभाईंकडे होती. त्यांनी लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट या मानवी संबंधांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेतले ए. के. राइस यांना बोलावलं. राइस यांना दिसलं ते असं: २२४ साच्यांवरचं काम बारा प्रकारांत कापलं होतं. विणणारा वेगळा, बॉबिन भरणारा वेगळा, तुटलेले धागे सांधणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा, झाडणारा वेगळा. प्रत्येक जण कित्येक साच्यांवर फिरायचा आणि कुणाचा कुणाशी पक्का मेळ नव्हता. विणणाऱ्याला धागा सांधून हवा असायचा, तेव्हा सांधणारा दुसऱ्याच टोकाला. काम एकमेकांवर अवलंबून, आणि माणसं एकमेकांना बांधलेली नाहीत.

१९५३ मध्ये राइस यांनी सुचवलं की ठरावीक साच्यांचा एक तुकडा एका छोट्या गटाच्या हवाली करावा, आतली कामं गटानं आपापसात वाटून घ्यावी. ही कल्पना कामगारांनी इतक्या चटकन उचलली की वरून योजना आखून होण्याआधीच त्यांनी सात-सात जणांचे गट स्वतः जमवले. सुरुवातीचे खाचखळगे ओलांडल्यावर उत्पादन वाढलं आणि खराब कापडाचं प्रमाण घटलं. माणसं तीच, साचे तेच, धागा तोच. कुणाला व्यक्तिमत्त्वाची चाचणी द्यावी लागली नाही.

सत्तरच्या सुमारास टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर तिथं परत गेले. स्वयंचलित साच्यांच्या त्या खात्यात गटपद्धत बरीचशी टिकून होती. दुसऱ्या काही ठिकाणी मात्र ती विरत गेली होती. मला हा दुसरा भाग पहिल्याइतकाच शिकवणारा वाटतो. चांगली मांडणी एकदा करून सोडून देता येत नाही. बाजाराचा दाब आला, वरचे साहेब बदलले, की ती पहिली मोडते.

दुसरं उदाहरण मोटारींचं आहे, म्हणून चाकणकरांना जवळचं. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट इथं जनरल मोटर्सचा कारखाना होता. गैरहजेरी, भांडणं, वाईट गाड्या यांसाठी तो बदनाम झाला होता आणि १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी तो भागीदारीत पुन्हा सुरू केला. कारभार टोयोटाकडे. त्यांनी कामावर घेतले ते बहुतांश तेच जुने कामगार, त्यांची तीच संघटना. दोन-तीन वर्षांत तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानमधल्या गाड्यांच्या तोडीला आला आणि गैरहजेरी कुठल्या कुठे गेली.

आपल्याकडच्या कारखान्यांनी त्या पद्धतीतून बरंच उचललं. काइझेनचे (सतत छोट्या सुधारणांचे) फलक, फाइव्ह एस ही जागा नीटनेटकी ठेवण्याची पद्धत, दोष दिसला की लाइन थांबवायची दोरी. चाकण-भोसरीच्या कुठल्याही शॉपमध्ये जा, भिंतीवर हे सगळं आहे. पण फ्रीमाँटच्या करारात आणखी एक गोष्ट होती. कंपनीचं अस्तित्वच धोक्यात आल्याखेरीज माणसं कमी करायची नाहीत, आणि तशी वेळ आली तर आधी वरच्यांचे पगार कापायचे. १९८८ च्या सुमारास गाड्यांना मागणी घटली, तेव्हा जास्तीच्या माणसांना घरी न पाठवता प्रशिक्षणाला आणि सुधारणेच्या कामांना लावलं गेलं. लाइन थांबवण्याची दोरी ओढायला धीर लागतो. ओढणाऱ्याला उद्याची खात्री असेल तरच तो हात वर जातो. आपण दोरी आणली, खात्री आणली नाही. सात महिन्यांचा मुलगा ती ओढेल ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते.

स्वभावाचा काहीच वाटा नसतो असं मी म्हणत नाही. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातल्या प्रयोगांचा दाखला नेहमी दिला जातो: टेलिफोन यंत्रणेतले रिले हे सुटे भाग जोडणाऱ्या मोजक्या मुलींना वेगळ्या खोलीत बसवलं, त्यांच्याकडे लक्ष दिलं आणि उत्पादन वाढत गेलं. त्यातल्या दोघींना मध्येच, १९२८ च्या सुरुवातीला, बदललं होतं. त्या फार बोलतात, ऐकत नाहीत, असं कारण होतं. नव्या दोघी चटपटीत निघाल्या आणि आकडे चढले. म्हणजे माणूस बदलल्यानंही फरक पडतो. मला लाइनवर हे रोज दिसायचं. काही मुलं पहिल्या आठवड्यातच कामाची नस पकडतात, काहींना वर्षभरात जमत नाही. ज्याला जमत नाही त्याला परिविक्षेच्या (प्रोबेशनच्या) काळात सांगून मोकळं करणं हे मी समजू शकतो. ब्रेकच्या यादीत मात्र ज्याला जमतं आणि ज्याला जमत नाही ती दोन्ही नावं शेजारीशेजारी असायची. मग स्वभाव पारखून माणूस निवडण्याचा खटाटोप तरी कशासाठी?

उद्योजकांचं म्हणणं मला माहीत आहे आणि ते टाकाऊ नाही. गाड्यांचा बाजार वरखाली होतो. दिवाळीपूर्वी तीन शिफ्ट, फेब्रुवारीत दीड. मोठी कंपनी आपला चढउतार पुरवठादारावर ढकलते, तो कंत्राटदारावर, आणि शेवटी तो येऊन पडतो खोलीचं भाडं भरणाऱ्या मुलावर. छोटा पुरवठादार खरंच पिचलेला असतो. पण बाजाराच्या चढउतारासाठी माणूस कमी करावा लागला, तर जागाही कमी व्हायला हवी. मी सुपरवायझर असताना दिलेल्या ब्रेकांपैकी बहुतेक वेळा जागा एक दिवससुद्धा रिकामी राहिली नाही. ती लवचिकता नव्हती.

दुसरा आक्षेप असा की कायम झाला की माणूस ढिला पडतो. यातही तथ्य आहे. मी ढिले पडलेले कायम कामगार पाहिले आहेत, त्यांच्याशी भांडलोही आहे. पण त्यांतले काही जण कशामुळे ढिले झाले तेही पाहिलं. एकाच लाइनवर, एकाच कामाला, कायम माणसाचा पगार शेजारच्या तात्पुरत्या मुलाच्या दुप्पट-तिप्पट. काम कोण जास्त करतो? ज्याला यादीची भीती आहे तो. कायम माणसाला कळतं की आपण आता महाग झालो आहोत, आपल्या जागी आणखी कुणी कायम होणार नाही, निवृत्तीनंतर आपली जागा ठेकेदाराकडे जाणार आहे. त्याला शिकवायला पुढचा माणूसच राहत नाही. पूर्वी शॉपमध्ये एखादे काका असायचे, त्यांच्या हाताखाली चार मुलं तयार व्हायची. ती चार मुलं म्हणजे काकांचा मान होता. शिष्य दर सात महिन्यांनी बदलत असतील, तर काकाही शिकवणं सोडून देतात. ढिलाईची एक मुळी तिथं आहे, आणि प्रोत्साहनपर भाषणांनी ती निघत नाही.

हे फक्त कारखान्यांपुरतं असतं तर वेगळं. सरकारनं स्वतः हेच केलं आहे. २०२३ च्या सप्टेंबरात राज्य सरकारनं बाह्ययंत्रणेमार्फत मनुष्यबळ घेण्यासाठी नऊ संस्था ठरवणारा निर्णय काढला, राज्यभर ओरड झाली आणि ऑक्टोबरात तो मागे घ्यावा लागला. निर्णय गेला, पण कंत्राटी परिचारिका, कंत्राटी प्राध्यापक, वीज कंपन्यांतले कंत्राटी कर्मचारी आहेतच. खांबावर चढणारा माणूस त्या भागातली कुठली लाइन कुठून येते हे ओळखणारा असणं, याची किंमत मी वेगळी सांगायला नको.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत. जुने २९ कायदे त्यांत गेले. निश्चित मुदतीच्या नोकरीला त्यांत अधिकृत जागा मिळाली. अशा कामगाराला कायम कामगाराइतकेच लाभ आणि वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी मिळेल. तात्पुरत्या मुलाला आजवर जे मिळत होतं त्यापेक्षा हे बरं आहे, हे मी मान्य करतो. पण स्थायी आदेशांची सक्ती आता ३०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांनाच राहणार. चाकणच्या गल्ल्यांतले कितीतरी पुरवठादार त्याहून लहान आहेत. आणि निश्चित मुदतीचा करार किती वेळा करायचा, मुदत संपल्यावर त्याच जागेवर दुसरा माणूस आणायचा का, हे मालकाच्याच मर्जीवर आहे. सात महिन्यांचे बारा किंवा अठरा महिने होतील. मुलाला आवाज कळायला लागल्यावर आणखी थोडे दिवस मिळतील, एवढंच.

माझी मागणी लहान आहे. आज हजेरीपटात कामगाराचा क्रमांक असतो, जागेचा नसतो. म्हणून कुठलाही निरीक्षक, कुठलंही न्यायालय, एवढंच काय, खुद्द कंपनीचा प्लांट हेडसुद्धा हे पटकन पाहू शकत नाही की अमुक मशीनवर तीन वर्षांत पाच माणसं उभी राहिली आणि मशीन एकही दिवस बंद नव्हतं. प्रत्येक जागेला क्रमांक द्यावा आणि तो माणसाच्या नावासमोर लिहावा. जी जागा बारा महिन्यांतले २४० दिवस भरलेली होती, ती कायम स्वरूपाची जागा मानावी, मग तिच्यावर कितीही माणसं फिरवलेली असोत, आणि त्यांतल्या सगळ्यात जास्त दिवस काम केलेल्याला तिच्यावर पहिला हक्क द्यावा. सुपरवायझरच्या वार्षिक मूल्यमापनात रिजेक्शनच्या टक्क्याशेजारी आणखी एक रकाना असावा: त्याच्या हाताखालच्या किती जणांनी वर्ष पूर्ण केलं आणि किती जण सेटर झाले. मला अकरा वर्षांत हा आकडा कुणी विचारला नाही. विचारला असता, तर यादी आल्यावर ती घेऊन वर जायला आणि दोन नावं खोडून मागायला माझ्याकडे काहीतरी कारण असतं.